दिवंगत सहकाऱ्याचें स्मरण : कै. डॉ. सुखठणकर आणि त्यांचे मागें राहिलेले सांगाती

संशोधनाच्या कामांत आयुष्य वेंचलेला सहकारी निघून गेला म्हणजे मागें राहिलेल्यांनीं त्याचें स्मरण कसें करावें, हा प्रश्न शोकप्रस्ताव संमत करून व तसबिरीस हार घालून सुटणारा नव्हे. गेल्या पावसाळ्यांत आमच्या मंडळाच्या पोथीविभागांत पंचवीस वर्षें आमच्या शेजारीं बसून काम केलेले एक गृहस्थ वारले. आपलें नांव छापून यावें अशी त्यांस कधीं हौस नव्हती, म्हणून येथेंहि तें देत नाहीं. त्यांच्यावर चार शब्द लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें. दोन वेळां आम्हीं लेख लिहिला व दोन्ही वेळां फाडून टाकिला. त्यांचे गुण सांगण्यास शब्द कमी पडले असें नाहीं. त्यांचें एक देणें आमच्याकडे राहिलें होतें व तें न फेडतां गुणवर्णन करणें आम्हांस प्रशस्त वाटेना. तें देणें कोणतें, हें लेखाच्या शेवटीं सांगूं. त्यापूर्वीं, या विचारांत असतां जें एक जुनें उदाहरण आमच्या दृष्टीपुढें पुनःपुन्हां येत राहिलें, तें वाचकांपुढें मांडतों.

तें उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचें व त्याचे प्रधान संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांचें होय. ता. २१ जानेवारी १९४३ रोजीं डॉक्टर वारले, तेव्हां त्यांचें वय पंचावन्न वर्षांचें होतें. अठरा पर्वांपैकीं त्या दिवसापर्यंत चार पुरीं झालीं होतीं : आदि (१९३३), विराट (१९३६), उद्योग (१९४०) व आरण्यक (१९४२). त्यांतील आदि व आरण्यक ही दोन त्यांनीं स्वतः संपादिलीं, विराटपर्व डॉ. रघुवीर यांनीं व उद्योगपर्व डॉ. सुशीलकुमार दे यांनीं. कार्याचा मुख्य आधार असा अर्ध्या वाटेवर, किंबहुना तिच्याहि अलीकडे, तुटला असतां पुढें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम थोडा पूर्ववृत्तांत. महाभारताची शास्त्रशुद्ध आवृत्ति व्हावी ही मागणी १८९७ सालीं पॅरिस येथील प्राच्यविद्यापरिषदेंत मोरिझ विंटरनिट्झ यांनीं केली. यूरोपांतील विद्वत्संस्थांनीं ती मनावर घेतली व १९०८ सालीं हाइन्रिख ल्यूडर्स या जर्मन पंडितांनीं एक लहानसा नमुनाहि छापिला. पुढें पहिलें महायुद्ध आलें व तो संकल्प तेथेंच विराला. याच ल्यूडर्सांपाशीं बर्लिन येथें सुखठणकर संस्कृत शिकले. तत्पूर्वीं केंब्रिज येथें त्यांचा विषय गणित होता. बर्लिन येथें त्यांनीं शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला. हिंदुस्थानांत परतल्यावर ते पुराणवस्तुसंशोधन खात्यांत होते व कित्येक ताम्रपट-शिलालेख त्यांनीं 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केले. गणित, व्याकरण व कोरीव लेखांचें वाचन या तीन शिस्तींतून जो मनुष्य तावून निघाला, त्याच्या हातीं गुरूचा अपुरा राहिलेला संकल्प यावा, हा योग कांहीं सामान्य नव्हे.

इकडे पुण्यांत भांडारकर मंदिराची स्थापना १९१७ च्या जुलईंत झाली. पुढच्याच वर्षीं औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं महाभारताच्या सचित्र आवृत्तीकरितां एक लाख रुपयांचें साहाय्य देऊं केलें. ता. १ एप्रिल १९१९ रोजीं वृद्ध डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं स्वहस्तें पाठमेलनाच्या पत्रकावर मंगलश्लोक लिहून कार्यास आरंभ केला. पहिले संपादक नारायण बापूजी उतगीकर. त्यांनीं १९२३ सालीं विराटपर्वाचा नमुना छापून देशोदेशींच्या विद्वानांकडे अभिप्रायार्थ पाठविला. १९२५ सालीं हें काम सुखठणकरांकडे आलें. त्यांनीं उतगीकरांचें काम पुसून टाकिलें नाहीं, पण नमुन्यावर समाधानहि मानिलें नाहीं. पाठमेलनाची सर्व व्यवस्था नव्यानें लाविली व १९२७ सालीं आदिपर्वाचा पहिला भाग बाहेर काढिला.

ही व्यवस्था पोथ्या बाळगणाऱ्या आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घेण्यासारखी आहे. प्रत्येक श्लोकास एक आंखलेलें पत्रक. पत्रकाच्या माथ्यावर प्रचलित पाठ एकेक अक्षर सुटें करून लिहावयाचा व त्याखालीं प्रत्येक पोथीस एक ओळ देऊन, जेथें अक्षर निराळें असेल तेथेंच तें त्या त्या घरांत भरावयाचें. कोणत्याहि श्लोकास किमान दहा पोथ्या लावल्यावांचून तो पुरा झाला असें समजावयाचें नाहीं, हा दंडक. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगु, ग्रंथ व मलयाळम् इतक्या लिपींच्या पोथ्या; ज्या पुण्यास येऊं शकत नव्हत्या त्यांच्याकरितां तंजावर व शांतिनिकेतन येथें मेलनाचीं ठाणीं. एकट्या आदिपर्वाच्या पाठभेदसामग्रींत साठ पोथ्यांचा उपयोग केलेला आहे. ज्यांनीं हीं पत्रकें भरलीं ते बहुतेक शास्त्री-पंडित व लेखनिक. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांचीं नांवें येत नाहींत. परंतु संपादकानें निवडलेला प्रत्येक पाठ त्यांच्या डोळ्यांवर व प्रामाणिकपणावर उभा आहे. लेखनिकानें एका घरांत अक्षर चुकवावें, म्हणजे वरचा सर्व तर्क चुकला.

इतकी सामग्री जमल्यावर निवड कशी करावी, याचें विवेचन १९३३ च्या विस्तृत प्रस्तावनेंत डॉक्टरांनीं केलें आहे. त्याचें सार असें कीं, ज्या परंपरांचा एकमेकींशीं संबंध आल्याचें दिसत नाहीं त्यांत जो पाठ समान आढळतो, तो जुना. काश्मीरची परंपरा व दक्षिणेची परंपरा एकमुखानें एक गोष्ट सांगत असतील, तर मधल्या शंभर पोथ्या काय म्हणतात याची मातब्बरी नाहीं. या कसोटीस न उतरलेला मजकूर त्यांनीं नाहींसा मात्र केला नाहीं. तो तळटीपांत किंवा परिशिष्टांत जसाच्या तसा ठेविला. गणपति व्यासांचा लेखक झाला ही आबालवृद्धांस प्रिय असलेली कथा याच न्यायानें मूळ संहितेंतून परिशिष्टांत गेली. पुण्यासारख्या गणेशभक्तांच्या नगरांत बसून असा निर्णय छापणें यास धैर्य लागतें. तिकडे सिल्व्हाँ लेव्हीसारख्या थोर फ्रेंच पंडितांनीं सुचविलें कीं मूळ संहिता शोधण्याचा खटाटोप सोडून नीलकंठाचा पाठ छापावा व खालीं भेद द्यावे. डॉक्टरांनीं तें मत आदरानें नमूद केलें व साधार नाकारिलें.

पण आमच्या मतें त्यांच्या पद्धतीचें सर्वांत मोठें लक्षण निराळेंच आहे. जेथें पाठाविषयीं खात्री नाहीं, तेथें त्यांनीं अक्षरांखालीं नागमोडी रेघ दिली आहे. ती रेघ म्हणजे संपादकानें वाचकास उघड सांगितलेली शंका होय. 'येथें माझें चुकलें असण्याचा संभव आहे. सर्व पुरावा खालीं दिला आहे. तुम्ही पहा', असें ती म्हणते. आम्हीं पुष्कळ विद्वानांचे ग्रंथ वाचले. आपली अनिश्चितता इतक्या नियमानें छापणारे थोडे आढळले.

या रेघेची परीक्षा लवकरच झाली. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळचे राजगुरु हेमराज पंडित यांच्या सौजन्यानें तेथील एका अतिजुन्या पोथीचा परिचय डॉक्टरांस झाला. दुसऱ्या एखाद्यानें असें म्हटलें असतें कीं, ग्रंथ तर छापून झाला, आतां नव्या पोथीची कटकट कशाला? डॉक्टरांनीं उलट केलें. ती पोथी आपल्या छापील संहितेशीं ताडून त्यांनीं स्वतंत्र निबंध लिहिला व आपण वर्ज्य ठरविलेलें काय त्या पोथींत नाहीं, काय आहे, आपला कोणता तर्क टिकला, हें सर्व मांडिलें. पोथीनें बहुतेक ठिकाणीं त्यांच्या निवडीस पाठिंबा दिला, हा आनंदाचा भाग. परंतु पाठिंबा मिळेल कीं फजिती होईल हें पोथी उघडतांना ठाऊक नसतें; तरी ती उघडली, यांत त्यांचा मोठेपणा आहे.

आतां त्यांच्या मृत्यूनंतरची हकीकत. मुंबई विद्यापीठाच्या विद्यमानें महाभारताच्या अर्थाविषयीं चार व्याख्यानें देण्याचें त्यांनीं स्वीकारिलें होतें. तीन झालीं, चौथें होण्यापूर्वींच मृत्यूनें गांठलें. जन्मभर अक्षरें ताडून पाहणारा हा पुरुष अखेरीस 'या सर्व अक्षरांचा अर्थ काय' हें सांगावयास उभा राहिला होता, आणि बोलणें अर्धवट राहिलें. व्याख्यानांचें लिखित मागें राहिलें होतें. तें १९५७ सालीं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनें पुस्तकरूपानें छापिलें, म्हणून तें आज आम्हांस वाचावयास मिळतें.

सहकाऱ्यांपैकीं पहिलें नांव परशुराम कृष्ण गोडे यांचें. गोडे हे १९१९ पासून मंदिराचे क्युरेटर. पोथ्यांचें कपाट उघडणें, काढून देणें, परत ठेवणें व मधल्या वेळांत ग्रंथकारांचे काल निश्चित करणारे शेंकडों लहान-मोठे लेख लिहिणें हा त्यांचा नित्यक्रम. डॉक्टर गेल्यावर गोड्यांनीं निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेले त्यांचे निबंध गोळा केले व स्मारकग्रंथाचे दोन खंड छापवून घेतले : १९४४ सालीं महाभारतविषयक निबंधांचा व १९४५ सालीं भास, व्याकरण, कोरीव लेख इत्यादि विषयांवरील इतर लेखांचा. ते दिवस दुसऱ्या महायुद्धाचे, कागदाच्या टंचाईचे. स्वतःचें लेखन बाजूस ठेवून दुसऱ्याच्या लेखांचीं मुद्रितें तपासणें ही किती कष्टाची सेवा आहे, हें ज्यानें केलें असेल तोच जाणे. नेपाळच्या पोथीवरील तो निबंध आज सहज हातीं येतो, तो या सेवेमुळें.

दुसरें नांव डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांचें. मंदिराच्या संस्थापनेपासून ते त्याच्या कारभारांत होते व सुखठणकरांहून वयानें वडील होते. १९४३ सालीं प्रधान संपादकत्व त्यांच्याकडे आलें, तेव्हां त्यांची साठी उलटली होती. वयानें धाकट्या माणसाच्या गादीवर बसून त्यानें घालून दिलेल्या नियमांनीं काम करणें हें विद्वानास सोपें नसतें. विद्वान् मनुष्यास स्वतःचें मत असतें, आणि पदरीं अधिकार आला म्हणजे तें मत चालविण्याचा मोह होतो. परंतु भीष्मपर्व (१९४७) व अजस्र असें शांतिपर्व उघडून पहावें : तीच चिन्हें, तीच तळटीपांची मांडणी, तीच नागमोडी रेघ. मधल्या काळांत सभापर्व अमेरिकेंतील फ्रँकलिन एजर्टन यांनीं, सौप्तिक प्रा. ह. दा. वेलणकर यांनीं, द्रोण डॉ. दे यांनीं, कर्ण डॉ. प. ल. वैद्य यांनीं, शल्य व अनुशासन डॉ. रा. ना. दांडेकर यांनीं, आश्वमेधिक प्रा. रा. द. करमरकर यांनीं संपादिलें. हात बदलले, पद्धति बदलली नाहीं. १९६१ सालीं बेलवलकरांनीं संपादकत्व डॉ. वैद्यांकडे सोंपविलें. ता. २२ सप्टेंबर १९६६ रोजीं राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् यांनीं पुण्यांत ग्रंथसमाप्ति जाहीर केली. सर्व मिळून बाराशें एकोणसाठ पोथ्यांचें साहाय्य घेतलें गेलें व एकोणीस खंड झाले. गोडे १९६१ सालीं वारले होते. बेलवलकरांस मात्र तो दिवस पाहण्याचें भाग्य लाभलें, व पुढील वर्षाच्या आरंभीं तेहि गेले.

यावरून आम्ही जें शिकलों तें थोडक्यांत असें. गोड्यांनीं मृत सहकाऱ्याचें लिखित विखुरूं दिलें नाहीं. बेलवलकरांनीं त्याचा नियम मोडूं दिला नाहीं. आणि स्वतः सुखठणकरांनीं जिवंतपणींच आपल्या चुका शोधण्याचीं साधनें पुढच्यांच्या हातीं देऊन ठेविलीं होतीं. पहिल्या दोहोंस श्रम लागतात. तिसऱ्यास मात्र अहंकार सोडावा लागतो, व तेंच अधिक अवघड. आज महाभारताची ती संहिता संगणकावर क्षणांत शोधतां येते, जुन्या पोथ्यांचीं छायाचित्रें घरबसल्या मिळतात. पण चूक कबूल करण्याचें काम कोणत्याहि यंत्राकडे सोंपवितां येत नाहीं.

आतां आमच्या देण्याची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं रघुवंशावरील एका टीकेच्या पोथीचा परिचय लिहिला होता. पुष्पिकेंत शकाचे आंकडे होते, पण शाई झिजल्यामुळें तिसरा आंकडा एक कीं सात, हें सहज कळत नव्हतें. संवत्सराचें नांव मात्र स्पष्ट : धाता. आम्हीं 'शके १६१८' वाचलें, संवत्सर ताडून पाहिला, तो जुळला, व निश्चिंत झालों. शके १६१८ म्हणजे इ. स. १६९६-९७, राजाराम महाराज जिंजीस, औरंगजेबाच्या फौजा महाराष्ट्रांत. एवढ्या धामधुमींतहि आमच्या भागांतील एका घरांत कोणी रघुवंशाची टीका उतरून काढीत बसला होता, हें चित्र आमच्या मनास इतकें रुचलें कीं, परिचयाचा अर्धा भाग आम्हीं त्यावरच खर्च केला. लेखकाचें नांवहि त्या घराण्याच्या वंशावळींत त्या पिढींत सांपडलें.

लेख छापून आल्यावर आमचे हे सहकारी एके दिवशीं दुपारीं मेजाजवळ आले व हलक्या आवाजांत म्हणाले, "गुरुजी, संवत्सर साठ वर्षांनीं फिरून येतो." एवढेंच. शके १६१८ हा धाता, तसा शके १६७८ हाहि धाता. तेव्हां संवत्सराची साक्ष दोन्हीकडे सारखीच. आणि आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची आपली रूढि असल्यानें वंशावळींत तेंच नांव साठ वर्षांनीं पुन्हां येतें. ती साक्षहि फुकट. उरला वार. पुष्पिकेंत तिथीबरोबर वार दिला होता, आणि तो आम्हीं पाहिलाच नव्हता. "वार पहावा" असें ते म्हणाले. "पाहूं", असें आम्हीं म्हटलें.

आम्हीं पाहिला नाहीं. काम पुष्कळ होतें हें खरें, पण तें कारण नव्हे. चाळीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलेल्या मनुष्यास, ज्यानें विद्यालयाबाहेर सर्व विद्या स्वतःच्या हिंमतीनें मिळविली अशा सहकाऱ्यानें चूक दाखविली, हें कोठें तरी टोंचलें. त्यांनीं पुन्हां विषय काढिला नाहीं; स्वतः लेख लिहून आम्हांस खोटें पाडणें त्यांच्या हातीं होतें, तेंहि केलें नाहीं. आमची दुरुस्ती आमच्याच लेखणीनें व्हावी म्हणून ते थांबले, असें आतां वाटतें. तीन वर्षें गेलीं. ते वारल्यावर त्यांच्या मुलानें वडिलांच्या वह्या रुमालांत बांधून मंडळाकडे आणून दिल्या. त्यांत आमच्या त्या लेखाचा अंक होता. पानाच्या समासांत शिसपेन्सिलीनें दोन्ही शकांतील त्या तिथीचें गणित मांडलेलें, व खालीं एक शब्द : 'जुळतो'. त्याखालीं त्यांनीं नागमोडी रेघ ओढली होती. सुखठणकरांची ती खूण त्यांस ठाऊक होती. आमच्याच बोलण्यांतून त्यांनीं ती उचलली असावी. गणित चोख असूनहि शेवटचा निर्णय त्यांनीं आमच्याकरितां राखून ठेविला होता.

आम्हीं तें गणित स्वतंत्रपणें पुन्हां केलें. वार शके १६७८ स जुळतो, शके १६१८ स जुळत नाहीं. भिंगाखालीं पाहिलें असतां तिसरा आंकडाहि सातच दिसतो. पूर्वीं तो एक दिसला, कारण आम्हांस तो एक हवा होता. सबब ती पोथी इ. स. १७५६-५७ ची, म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींतली; लेखक वंशावळींतील आजोबा नसून नातू. जिंजीच्या धामधुमीचें आम्हीं रंगविलेलें चित्र निराधार ठरतें व तें आम्ही मागें घेतों. पोथीचें मोल यानें कमी होत नाहीं. आमच्या लेखाचें होतें, आणि तसें होणें योग्यच आहे.

ज्या वाचकांपाशीं तो अंक असेल त्यांनीं आपल्या प्रतींत 'शके १६१८' च्या जागीं 'शके १६७८' असें करून घ्यावें, व समासांत लिहावें कीं ही दुरुस्ती मंडळाच्या पोथीविभागांतील एका दिवंगत सहकाऱ्याची आहे. त्यांच्या वह्यांत अशीं आणखीहि टिपणें आहेत. त्यांतील कित्येक आमच्याच लेखांवर असतील अशी आम्हांस शंका आहे. तीं सर्व आम्ही पुढील अंकांपासून क्रमानें तपासून छापणार आहों.